स्टिअरिंग आवळण्याआधी गाडीखाली वाका

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरायचे, रात्री माळशेज उतरायचा आणि पहाटेपर्यंत वाशी गाठायची. माझी पिकअप बारा वर्षं याच रस्त्यावर आहे. पण गेल्या पावसाळ्यात या गाडीने मला दरीच्या कठड्यापर्यंत नेलं, आणि त्यात चूक माझी होती.

सुरुवात दोनेक महिने आधी झाली. सरळ रस्त्यावर गाडी एका रेषेत राहीना. सतत थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे सावरावं लागायचं. खड्ड्यातून पुढचं चाक गेलं की खालून बारीक ‘टक्’ ऐकू यायचं. गाडी रिकामी असताना फारसं काही जाणवायचं नाही, पण क्रेट भरले की मागची बाजू झोल खायची. मला हे कळत नव्हतं असं नाही. पण रोज चालवणाऱ्याच्या हाताला सवय लागते. हात आपोआप सावरून घेतात आणि बिघाड झाकला जातो. पुतण्याने एकदा गाडी चालवली आणि ओतूरच्या अलीकडेच थांबवून म्हणाला, “काका, ही चालवता कशी तुम्ही?” तेव्हा कुठे मी गॅरेजला गेलो.

तिथे माझं पाचच मिनिटांत काम झालं. मी म्हणालो, स्टिअरिंगला प्ले आहे, चाकं वळण्याआधी ते थोडं मोकळंच फिरतं. गॅरेजच्या मुलाने स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू पिळला, स्टिअरिंग हलवून दाखवलं. प्ले कमी झाला होता. मीही खूश झालो. गाडीखाली कोणी वाकलं नाही, मीही नाही.

त्याच आठवड्यात, 75 क्रेट, म्हणजे दीड टन माल घेऊन घाट उतरत होतो. धुकं होतं. एका वळणावर स्टिअरिंग फिरवलं, गाडी वळली, पण चाक परत येईना. वळण संपल्यावर एरवी ते आपसूक सरळ होतं. त्या रात्री ते तिथेच धरल्यासारखं राहिलं. दोन्ही हातांनी ओढेपर्यंत गाडी समोरच्या लेनमध्ये गेली होती. वर चढणाऱ्या एसटीच्या चालकाने ब्रेक दाबला नसता, तर हे लिहायला मी नसतो. पुढे पहिल्या गिअरमध्ये रांगत टोकावडे गाठलं, माल दुसऱ्या गाडीत चढवला आणि उजाडायची वाट पाहिली.

सकाळी तिथल्या एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी पाहिली, आणि त्यांच्याकडून मी जे शिकलो ते प्रत्येक पिकअपवाल्याला सांगावंसं वाटतं. त्यांनी पाना हातात घेतला नाही. मला केबिनमध्ये बसवलं, गाडी चारही चाकांवर उभी ठेवली आणि म्हणाले, “चाक दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे, एवढंच हलवत राहा.” स्वतः खाली सरकले आणि एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेले. मग जागा बदलून मला खाली बोलावलं. डाव्या टाय रॉड एंडवर हात ठेवला आणि ‘टक्’ थेट बोटांना लागलं. रॉड सरकत होता, चाक मात्र जागचं हलत नव्हतं. रबरी टोपी फाटलेली, आत ग्रीसऐवजी चिखलाचं पाणी आणि गंज.

नंतर जॅक लावला. चाक वर-खाली धरून हलवलं, मग दोन्ही बाजूंनी धरून. वर-खाली हलवताना थोडा प्ले लागला. मिस्त्री म्हणाले, ब्रेक दाबून धरा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला, म्हणजे दोष हबच्या बेअरिंगचा. तो गेला नसता, तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन पाहावी लागली असती. मागे स्प्रिंगच्या पाट्यांपाशी यू-बोल्टभोवती तांबडी भुकटी साचली होती. तिथे लोखंड लोखंडावर घासत होतं. बोल्ट सैल झाल्याने मागचा ॲक्सल जागचा सरकत होता, म्हणजे मागची चाकंसुद्धा गाडीला आपल्याच दिशेने नेत होती. झोल तिथून येत होता.

मग त्या स्क्रूने काय केलं? गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून बॉक्सचे दाते मधोमध जास्त झिजतात. तिथला प्ले मारायला स्क्रू पिळला की बाजूचे न झिजलेले दाते आवळले जातात आणि वळणावर स्टिअरिंग धरतं. प्ले बॉक्समध्ये आहे याची खात्री झाल्यावरच, तेही जाणत्या माणसाने, त्या स्क्रूला हात लावायचा असतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी थंड टायरची हवा, पुढच्या दोन्ही चाकांत सारखी. मग टायरवरून हात फिरवा. करवतीसारखी धार लागली तर टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कोन, बिघडलेला, जागोजागी खळगे असतील तर बहुधा शॉकॲब्झॉर्बर गेलेले. मग सांधे, बेअरिंग, पाट्यांचे बुश, यू-बोल्ट. बॉक्स सगळ्यात शेवटी. अलाइनमेंट तर सांधे बदलल्यावरच करा, सैल सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. नवीन टाय रॉड एंडला स्प्लिट पिन नवीच घाला, आणि भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळा, सैल करू नका. नवे यू-बोल्ट चारपाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. मालही मागच्या टोकाला रचू नका, पुढचा भार हलका होतो आणि स्टिअरिंगची पकड जाते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 98 वा नियम सांगतो की स्टिअरिंगचा प्ले 30 अंशांहून जास्त नसावा, आणि सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंग व्हीलवर 30 अंश म्हणजे घेरावर दहा सेंटिमीटर. पण ही शेवटची हद्द आहे, तिथवर पोचायची वाट पाहू नका. माझ्या गाडीचा प्ले त्या हद्दीच्या पुष्कळ आत होता. फाटलेली मात्र ती एक रबरी टोपी होती, आणि ती पाहायला टॉर्च व पाच मिनिटं पुरली असती. या रविवारी गाडी धुताना एवढं कराच.