आवाज हेच भांडवल
(एका विद्यार्थ्याचा अनुभव व अभ्यास)

राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात भोंग्यावरून होणारी निवेदने आपण सर्वांनीच ऐकली आहेत. दोन वर्षांपूर्वी तेथे ऐन दुपारी निवेदकाचा घसा बसला आणि जवळच उभा असलेल्या माझ्या हातात ध्वनिक्षेपक आला. "तांबड्या खोंडाच्या मालकांनी रिंगणात यावे", "एक लहान मुलगी मंडपापाशी आईची वाट पाहत आहे", अशी वाक्ये मी तासभर बोलत होतो. संध्याकाळी एका दुकानदाराने विचारले, "आमच्या बियाण्यांची जाहिरात बोलशील का? बाजारच्या दिवशी रिक्षावर लावू." मी मोबाईलवर बोलून दिली आणि तीनशे रुपये मिळाले. घरी येऊन ते आईच्या हातावर ठेवले, तेव्हा ती म्हणाली, "नुसतं बोलायचं पैसं? आन् त्यात इकलंस तरी काय?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. त्यानंतर दोन वर्षे अभ्यास सांभाळून मी हा उद्योग करीत आहे. थोडे पैसे मिळाले, थोडे बुडाले, बरेच काही शिकता आले. आपल्यापैकी अनेकांजवळ चांगला आवाज आहे, परंतु मुंबई-पुण्यात ओळख नाही. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा लेख.

थोडी पूर्वपीठिका

आवाजावर पोट भरणारी माणसे महाराष्ट्राला नवीन नाहीत. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे आकाशवाणीने बाळ कुडतरकरांसारखे आवाज घराघरांत पोहोचविले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. तेथील बातम्यांमुळे परिचित झालेले प्रदीप भिडे (निधन २०२२) जाहिराती आणि माहितीपटांनाही आवाज देत असत. १९८८ साली सुरू झालेल्या 'महाभारत' मालिकेत हरीश भिमाणी यांनी 'समय' उभा केला तो केवळ आवाजातून. त्या पात्राला चेहराच नव्हता.

या सर्वांमध्ये अमीन सयानी यांचे उदाहरण मला आपल्या दृष्टीने विशेष बोधप्रद वाटते. आकाशवाणीच्या हिंदी चाचणीत आपण उच्चारांतील गुजराती व इंग्रजी छटेमुळे नापास झालो होतो, असे ते सांगत असत. त्यांनी उच्चारांवर मेहनत घेतली आणि १९५२ पासून रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला' हा कार्यक्रम देशभर ऐकला जाऊ लागला. हा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि त्याच्या फिती कोलंबोला पाठविल्या जात. म्हणजे बोलणारा एका गावी आणि प्रक्षेपण दुसऱ्या देशातून, ही गोष्ट सत्तर वर्षांपूर्वीही होत होती. फरक इतकाच, की तेव्हा स्टुडिओ आणि यंत्रे मोठ्या शहरातच असत. आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र आपल्या खिशात आहे आणि फीत पाठवावयास काही क्षण लागतात. माहितीपट, मोबाईलवरील अभ्यासाचे पाठ, दूरध्वनीवरील सूचना, श्राव्यपुस्तके अशा अनेक ठिकाणी मराठी आवाज लागतो. स्टोरीटेल ही स्वीडनमधील संस्था २०१७ साली भारतात आली आणि मराठी श्राव्यपुस्तकांना नवा ग्राहक मिळाला.

आधी जीभ, मग यंत्र

पुष्कळांना वाटते की जाड, घुमणारा आवाज म्हणजे चांगला आवाज. माझा अनुभव निराळा आहे. काम देणारा प्रथम उच्चार, दम आणि अर्थाची समज पाहतो. आवाजाची जात त्यानंतर येते.

येथे मला भाषाविज्ञानाच्या तासाचा फार उपयोग झाला. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च हे दोन वेगळे ध्वनी आहेत. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. 'जग' हा शब्द दुनिया या अर्थाने एका तऱ्हेने उच्चारावा लागतो आणि 'तू शंभर वर्षे जग' म्हणताना दुसऱ्या तऱ्हेने. लिपी हा भेद दाखवीत नाही. तो वाचणाऱ्यालाच ठाऊक असावा लागतो. परीक्षेत पाच गुणांसाठी पाठ केलेली ही टीप पुढे मला पैसे मिळवून देईल, असे वाटले नव्हते.

मी रोज सकाळी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचतो. आधी मनात वाचून दम कोठे घ्यावयाचा तेथे पेन्सिलीने तिरपी रेघ मारतो, ज्या शब्दावर भार द्यावयाचा त्याच्याखाली रेघ ओढतो आणि वाचलेले मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकतो. त्याच दिवशी ऐकले तर स्वतःच्या चुका कानाला गोड लागतात.

याच संदर्भात एक कटू गोष्ट सांगावयास हवी. शहरातील एका ठिकाणी मी नमुना पाठविला, तेव्हा उत्तर आले, "आवाज चांगला आहे, पण त्यातले गाव काढून टाका." आमच्या घरी 'पाणी' हे 'पानी' असते आणि 'आणि' हे 'आन्'. मी चार महिने जिद्दीने ण आणि न घोटला. घरीही तसेच बोलू लागलो. एके रात्री जेवताना मी "आजी, जरा पाणी दे" म्हणालो. आजीने तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "आता आमच्यासंगं बी कागद वाचतोस का रं?" सगळे हसले. मला मात्र तो घास गिळवेना. या गोष्टीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

गोधडीचा स्टुडिओ

ध्वनिमुद्रणाचा खरा शत्रू स्वस्त यंत्र नसून रिकामी खोली आहे. सिमेंटच्या भिंतींवरून आवाज परततो आणि विहिरीत बोलल्यासारखे ऐकू येते. त्यावर शहरातील लोक महाग स्पंज लावतात. आपल्याकडे त्याहून उत्तम वस्तू घरोघर आहे, ती म्हणजे गोधडी. मी धान्याच्या पोत्यांच्या खोलीत दोन बाजूंना दोरीवर गोधड्या टांगतो. पोती आणि गोधड्या मिळून आवाज शोषून घेतात. घराला पत्रा असल्याने पावसाळ्यात मात्र उपाय चालत नाही. भंडारदऱ्याकडून सर आली की काम थांबवावे लागते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात मी काम घेताना एक दिवस जास्तीचा मागून घेतो. वीज जाण्याचा हिशेबही त्यातच धरतो.

आरंभी मोबाईल पुरतो. तोंडापासून एक वीत अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे फ, भ, ख, थ यांच्या उच्चारातील हवेचा झोत थेट त्यावर आदळत नाही. भरतकामाच्या कडीवर ओढणीचे पातळ कापड ताणून मध्ये धरले तर अधिक बरे. विमानात वापरण्याची सोय मोबाईलमध्ये असते, ती सुरू करावी, म्हणजे मध्येच कोणाचा फोन येत नाही. पंखा बंद करावा. बोलण्यापूर्वी दहा सेकंद गप्प राहून खोलीची शांतताही मुद्रित करावी. पुढे खरखर काढताना ती उपयोगी पडते.

काटछाट करण्यासाठी 'ऑडॅसिटी' ही संगणकप्रणाली २००० सालापासून मोफत उपलब्ध आहे. मी महाविद्यालयाच्या संगणकावर ती शिकलो. मूळ मुद्रण 'वेव्ह' स्वरूपात ठेवावे. एकपदरी मुद्रणाला मिनिटाला सुमारे पाच एमबी जागा लागते. पाठविण्यासाठी 'एमपीथ्री' प्रत करावी, मूळ प्रत कधीही पुसू नये. आवाजाची सर्वांत उंच पातळी उणे तीन डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. फाटलेला आवाज कोणत्याही युक्तीने शिवता येत नाही. खरखर काढण्याचा मोहही आवरावा, कारण फार काढली तर आवाजातला जीवही तिच्याबरोबर जातो. दहा मिनिटांच्या तयार मुद्रणाला मला वाचन, चुका व काटछाट धरून दीड तास लागतो. दर सांगताना हा दीड तास धरावा, दहा मिनिटे धरू नयेत.

आपली ओळख आपणच करून देणे

आपल्याकडे स्वतःविषयी बोलणे म्हणजे बढाई, असा समज आहे. परंतु दुकानावर पाटी लावणे म्हणजे बढाई नव्हे. आवाजाची पाटी म्हणजे नमुना. तो एक मिनिटाचा असावा आणि त्यातील पहिली दहा सेकंदे सर्वांत चांगली असावीत. पुढे ऐकावयाचे की नाही हे ऐकणारा तेवढ्यातच ठरवितो. जाहिरात, माहितीपट, गोष्ट आणि दूरध्वनीवरील सूचना यांचे नमुने वेगवेगळे करावेत. मजकूर स्वतः लिहावा. दुसऱ्याची कविता किंवा कथा परवानगीशिवाय वाचू नये. मी आपल्या बाजारावर, भाताच्या लावणीवर आणि एसटीच्या थांब्यावर छोटे मजकूर लिहिले. ते वाचताना कृत्रिमपणा येत नाही.

हे नमुने यूट्यूब, इन्स्टाग्राम, लिंक्डइन यांवर ठेवता येतात. फायव्हर, अपवर्क यांसारखे ऑनलाइन बाजारही आहेत. तेथे जगभरचे लोक उभे असतात, त्यामुळे पहिले काम मिळावयास वेळ लागतो. शिवाय फायव्हर मिळकतीतून २० टक्के कापून घेते, हे दर ठरविताना ध्यानात ठेवावे. मला पहिली चार कामे मात्र ओळखीतून आणि थेट पत्रांतून मिळाली. शिकवणी वर्ग, स्वयंसेवी संस्था, लघुपट करणारे तरुण, पर्यटकांची सोय करणारे यांना मी रोज एक याप्रमाणे पत्र लिहीत गेलो. पत्र चार ओळींचे : मी कोण, कोणत्या तऱ्हेचे वाचन करतो, नमुना कोठे ऐकता येईल, किती दिवसांत काम देतो. चाळीस पत्रांना तीन उत्तरे आली. नांगरट झाली की लगेच कणीस मागू नये, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे सांगावयास नको.

तीन पाने

गेल्या वर्षी एका ठिकाणाहून निरोप आला, की चाचणी म्हणून तीन पाने वाचून पाठवा. मी रात्र जागून ती पाठविली. उत्तर आले नाही. दोन महिन्यांनी चुलतभावाने मोबाईलवर एक चित्रफीत दाखविली. "हा तुझाच आवाज ना?" माझाच होता, तीनही पाने होती. मी पत्रे लिहिली, उत्तर नाही. माझ्याजवळ लेखी असे काहीच नव्हते. पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचे वाईट वाटले : माझा आवाज कोणाच्या तरी मालाची स्तुती करीत फिरत होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. चाचणीसाठी अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वाचत नाही. काम देण्यासाठी जो आपल्याकडूनच नोंदणीचे पैसे मागतो, त्याच्या वाटेस जात नाही. मोठ्या कामात निम्मे पैसे आधी घेतो. आणि चार गोष्टी लेखी घेतो : आवाज कशासाठी वापरणार, कोठे वापरणार, किती काळ वापरणार आणि त्यावरून यंत्राला बोलावयास शिकविणार काय.

चौथी गोष्ट आज सर्वांत महत्त्वाची आहे. काही मिनिटांच्या नमुन्यावरून संगणक एखाद्याच्या आवाजात हवे ते बोलू शकतो. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या बाबतीत अंतरिम आदेश देऊन, संमतीशिवाय त्यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्यास मनाई केली. ते नामवंत गायक आहेत. आपल्यासारख्याला न्यायालयापर्यंत जाणे कठीण. म्हणून आपले रक्षण सही करतानाच करावे लागते. यंत्राला भाषा शिकविणे मुळात वाईट आहे असे मात्र मी म्हणत नाही. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' प्रकल्पाला मराठी माणसे स्वखुशीने आपली वाक्ये दान करतात. 'कार्या' या उपक्रमात ग्रामीण मराठी भाषकांनी मोबाईलवर वाक्ये वाचून मोबदला घेतला. दान द्यावे, मोल घ्यावे, दोन्ही ठीक. नकळत नेले तर ती चोरी होय.

आईच्या प्रश्नाचे उत्तर

या वर्षी पावसाआधी एका लघुपटाचे काम आले. विषय आपल्या डोंगरपट्ट्यातील भातशेती. निवेदन प्रमाण मराठीत होते, परंतु एका वृद्ध शेतकरणीच्या आठवणी तिच्या नातवाने सांगाव्यात तशा, आपल्या भागातील बोलीत हव्या होत्या. मला वाटले, हे तर घरचेच काम. गोधड्या टांगल्या, मोबाईल लावला आणि 'पानी' म्हणावयास गेलो तो जीभ अडली. चार महिन्यांच्या मेहनतीने तिच्यावर 'पाणी' पक्के बसले होते. 'पानी' म्हटले ते नाटकातल्या खेडुतासारखे, खोटे.

शेवटी आजीला पोत्यांच्या खोलीत समोर बसविले. म्हटले, "आजी, आवणी कशी करायचे तुम्ही, सांग." ती सांगत राहिली आणि मी तिच्याशी बोलत राहिलो. अर्ध्या तासाने कागद हातात घेऊन तिच्याकडे पाहतच वाचला. तेच मुद्रण पसंत पडले. वाचून झाल्यावर आजी म्हणाली, "आत्ता कसं, मान्सावानी बोललास."

'गाव काढून टाका' म्हणणाऱ्याचे अगदीच चुकले होते असे आज मी म्हणणार नाही. प्रमाण उच्चार यावयासच हवेत; त्यांच्याविना निम्मी कामे मिळत नाहीत. परंतु ते अंगरख्यासारखे घालता-काढता यावेत. कातडीच सोलून काढावी, अशी मागणी कोणाची असेल तर ती मान्य करू नये. आपल्या वर्गात महादेव कोळी आणि ठाकर घरांतील कितीतरी मुलेमुली आहेत. त्यांच्या बोलण्यातला हेल पुण्याच्या स्टुडिओत मिळणार नाही. तो लपविण्याची वस्तू नाही.

आईला आता मी उत्तर देऊ शकतो. त्या तीनशे रुपयांत मी काही विकले नव्हते. बैलजोडी जशी औताला दिवसाच्या बोलीवर द्यावी, तसा आवाज तेवढ्या कामापुरता दिला होता. बैल संध्याकाळी आपल्याच गोठ्यात परत यावेत, एवढी काळजी मात्र मालकाने घ्यावयाची असते.