नाताळात गोवा : पैसे नेमके कुठे जातात?

डिसेंबरात गोव्याला जायचं ठरलं की आपण आधी हॉटेल शोधतो. त्याआधी तारखा बघा. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात कळंगुट-बाग्याकडची खोली दुप्पट-तिप्पट दराने जाते, आणि तीच खोली डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा ५ जानेवारीनंतर आवाक्यात येते. मुलांच्या सुट्टीमुळे तारखा हलवता येत नसतील तर मुक्काम पणजीत करा. मिरामारचा किनारा शहरातच आहे, फोंतेन्यासच्या गल्ल्या पायी फिरता येतात आणि मडगाव, म्हापसा, वास्कोला जायला कदंबच्या (गोव्याच्या सरकारी परिवहनाच्या) विनाथांबा बस आहेत.

खोली ठरवताना कराचा उंबरठा लक्षात ठेवा, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. आणि तो वरच्या फरकावर नाही, पूर्ण भाड्यावर. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते, पण ७,६०० ची थेट ८,९६८ ला. चार रात्रींत हा फरक ४,३७२ रुपयांचा होतो. हंगामात भाडं याच रेषेच्या आसपास असेल तर शंभर-दोनशे रुपये कमी करून मागायला मुळीच लाजू नका.

शिवाय काही हॉटेलं २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीचं जेवण सक्तीचं करतात आणि त्याचे पैसे माणशी वेगळे लावतात. आगाऊ रक्कम भरण्याआधी हे विचारा. मुलांचा दर आणि रद्द केल्यास परत मिळणारी रक्कमही लेखी घ्या.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २५ डिसेंबरच्या गाडीसाठी २६ ऑक्टोबरला सकाळी आठला तयार राहा. पणजीसाठी करमळी, कळंगुटसाठी थिवी, दक्षिणेसाठी मडगाव. विमानाचं तिकीट स्वस्त दिसलं तरी ते मोपाचं की दाबोळीचं हे आधी पाहा. मोपा उत्तर टोकाला पेडण्यात आहे. तिथून पाळोळ्याला जायचं तर शंभरेक किलोमीटरची टॅक्सी करावी लागते आणि तिकिटात वाचलेले पैसे तिथेच संपतात. टॅक्सी नको असेल तर मोपाहून कदंबची बसही मिळते.

एरवी तीनशे-चारशे रुपये रोजाने मिळणारी स्कूटर या आठवड्यात दुप्पट होते. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणं अवघड. ताबा घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, म्हणजे जुन्या ओरखड्यांची भरपाई तुमच्याकडून कोणी मागणार नाही. मूळ आधार कार्ड कुणाकडेही ठेवू नका. एकट्यादुकट्याला जवळच्या अंतरासाठी मोटरसायकलवाले ‘पायलट’ सोयीचे, मात्र भाडं बसण्याआधी ठरवा.

जेवणात मात्र मनसोक्त वाचवता येतं. पणजी-म्हापशाच्या खानावळींत दुपारची फिशथाळी अडीचशे-तीनशेच्या घरात मिळते, आणि किनाऱ्यावरच्या शॅकपेक्षा ती मला नेहमीच सरस वाटत आली आहे. शॅकमध्ये इसवण किंवा पापलेट मागवताना दर नगावर आहे की वजनावर, हे विचारूनच ‘हो’ म्हणा. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल तर तो ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतो. नाही काढला तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.