एक ब्रास माती पसरल्यावर कमी का भरते?

प्रश्न : आमच्या घरामागे २० फूट बाय २० फूट मोकळी जागा आहे. मूळची जमीन काळी. बागेसाठी एक ब्रास लाल माती मागवली. हिशेबाने ३ इंचांचा थर बसायला हवा होता, पण पसरून चार दिवस पाणी मारल्यावर तो जेमतेम अडीच इंच उरला. पुरवठादार म्हणतात, माती बसली. खरेच इतकी बसते, की मापातच कमी आली? आता पायवाटेसाठी मुरूम-खडी आणि काळी माती भुसभुशीत करायला वाळू मागवायची आहे. काय पाहून मागवावे?

उत्तर : तुमचा हिशेब बरोबर आहे आणि पुरवठादारांचे म्हणणेही खरे असू शकते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तुमची जागा ४०० चौरस फूट. शंभराला चारशेने भागले की पाव फूट, म्हणजे ३ इंच. फक्त ही ३ इंच माती सैल आहे. उकरलेल्या, गाडीत भरलेल्या आणि ओतलेल्या मातीत ढेकळांच्या मधे भरपूर हवा असते. पिठाचा डबा दोनदा आपटला की पीठ खाली जाते, तसेच पाणी पडल्यावर मातीचे होते. बागेची माती साधारण पाचव्या हिश्शाने बसते असे धरावे. त्या मानाने तुमचा अडीच इंचांचा थर मापात आहे.

म्हणून पहिला नियम असा की हिशेब करायचा तो बसल्यानंतरच्या थराचा. बसून ३ इंच हवे असतील तर सव्वा ब्रास सैल माती लागते. दबाई करायचा मुरूम याहून जास्त बसतो, त्याला पाव ते एक तृतीयांश वाढावा धरावा. खडी मात्र फारशी बसत नाही, तिला थोडासा वाढावा पुरतो.

माप गाडीतच तपासावे. गाडीच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटांत मोजून गुणाकार केला की घनफूट मिळतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि अडीच फूट भरलेला हौदा म्हणजे १५० घनफूट, दीड ब्रास. उंची मात्र फळीवरून ठरवू नये. मधे शीग आणि कडेला खोलगट असेल तर फावड्याने सपाट करायला सांगावे, मग चारही कोपऱ्यांत आणि मधोमध काठी तळापर्यंत घालून सरासरी धरावी. माल आधीच ओतला असेल तर ढिगावरूनही अंदाज येतो. गोल ढिगाचा तळ १० फूट रुंद आणि उंची ४ फूट असेल, तर तो साधारण १०५ घनफूट भरतो. वजनही लक्षात ठेवावे. कोरडी वाळू ब्रासला साडेचार टनांच्या आसपास जाते आणि माती साडेतीन टनांच्या. पाऊण टन वाहणाऱ्या छोट्या टेम्पोच्या एका फेरीत ब्रासभर माल येऊच शकत नाही.

वाळूची गोष्ट थोडी निराळी आहे. ओल्या वाळूत पाण्याचे वजन वाढते एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. प्रत्यक्षात दमट वाळूचे आकारमानही वाढते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि तो कणांना एकमेकांना नीट टेकू देत नाही. चार-पाच टक्के ओलीला वाळू २० ते ३० टक्के फुगू शकते. जितकी बारीक, तितकी जास्त. गंमत अशी की वाळू पाण्यात पूर्ण बुडाली की हे पापुद्रे मोडतात आणि ती पुन्हा कोरडीइतकी होते. सरळ काचेच्या बरणीत दमट वाळू न दाबता १० सेंटीमीटर भरा. ती बाहेर काढा, बरणीत निम्मे पाणी घ्या आणि तीच वाळू हळूहळू सोडून काठीने ढवळा. पातळी ८ सेंटीमीटरवर आली तर वाळू २५ टक्के फुगलेली होती. याचा अर्थ, ब्रासवर घेताना दमट वाळू महागात पडते आणि टनावर घेताना चिंब भिजलेली. शक्यतो कोरडी घ्यावी, नाहीतर तेवढी तूट धरून सौदा करावा.

आता तुमच्या दुसऱ्या बेताकडे वळू. काळ्या मातीत वाळू मिसळली की ती भुसभुशीत होते, हा समज फार पसरलेला आहे. काळ्या मातीत चिकणकणांचे प्रमाण मोठे असते आणि ते वाळूच्या कणांपेक्षा कितीतरी पटींनी बारीक असतात. थोडी वाळू घातली की तिचे दाणे चिकणमातीत नुसते रुतून बसतात आणि सुकल्यावर माती आणखी टणक होते. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागेल. तेवढा खर्च करण्यापेक्षा शेणखत किंवा कंपोस्ट घाला. कुजलेला सेंद्रिय पदार्थ चिकणकणांचे छोटे रवे बांधतो, रव्यांच्या मधून पाणी आणि हवा खेळते, आणि मुळांना वाट मिळते. तेव्हा बागेसाठी वाळू मागवूच नका.

दुसरा समज असा की मातीखाली खडीचा थर दिला की पाण्याचा निचरा होतो. बारीक मातीतली सूक्ष्म छिद्रे पाणी धरून ठेवतात. खालच्या खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाली तरच उतरते. म्हणजे खडीने चिखल टळत नाही, उलट मुळांची जागा कमी होते. निचऱ्यासाठी जमिनीला उतार द्यावा किंवा वाफा उंच करावा. लाल माती पसरतानाही खालची काळी जमीन वीतभर खणून दोन्ही थोड्या मिसळाव्यात, म्हणजे मधे अडणारा थर राहत नाही.

पायवाटेसाठी मात्र मुरूम आणि खडी हीच योग्य जोडी आहे. मुरूम चांगला दबतो, त्याचा पाया होतो. ३० फूट लांब आणि ३ फूट रुंद वाट धरली तर दबून ४ इंच मुरमाला ३० घनफूट लागतात, सैल मोजला तर सुमारे ४०. तो दोन थरांत पसरून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकावा. वर २ इंच खडीला १५ घनफूट पुरतात. खडी १० ते १२ मिलीमीटरची सांगावी. २० मिलीमीटरची पायाला टोचते, ६ मिलीमीटरची चपलेला चिकटून घरात येते. फोडलेल्या खडीला कोन असतात, त्यामुळे ती एकमेकांत अडकून जागेवर राहते. नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला छान, पण पायाखाली घरंगळतात. काहीही घ्या, दोन्ही कडांना विटा किंवा पेव्हर उभे पुरावेत, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात वाट पसरून जाते.

माती घेताना माप पाहिले तसा मालही पाहावा. ओंजळभर माती पाण्याच्या भांड्यात टाकली की वर काय तरंगते आणि तळाशी काय राहते ते कळते. सिमेंटचे, चुन्याचे तुकडे दिसले तर त्यात राडारोडा मिसळला आहे. शेतातल्या पोयट्यात लव्हाळ्याच्या काळसर गाठी आहेत का, ते बोटांनी चाळून बघा. त्या एकदा वाफ्यात आल्या की वर्षानुवर्षे खुरपत बसावे लागते. पांढरट क्षार फुललेली माती तर घेऊच नये.

मुरूम, वाळू, खडी आणि साधी मातीही कायद्याने गौण खनिजे आहेत. त्यांच्यावर सरकारला स्वामित्वधन द्यावे लागते आणि गाडीसोबत वाहतूक परवाना लागतो. तो पाहायला मागा आणि पावती जपून ठेवा. नदीपात्र बेकायदा उपसले गेले की काठावरच्या विहिरींची पातळी खाली जाते, त्यामुळे ही विचारपूस केवळ कागदापुरती नाही. गाडी आत घेण्याआधी सेप्टिक टँक आणि जमिनीखालची पाण्याची टाकी कुठे आहे ते चालकाला दाखवून द्या. भरलेली गाडी त्यांच्या झाकणावरून जाता कामा नये. ढीग झाडाच्या बुंध्याला किंवा गटाराच्या तोंडाला लावू नये. पावसाळा तोंडावर असेल तर वर ताडपत्री हवी.

राहिला तुमच्या कमी भरलेल्या थराचा प्रश्न. ३ इंच पुरे करायला आणखी सुमारे २५ घनफूट हवे आहेत, पण त्यासाठी पुन्हा लाल माती मागवू नका. लाल मातीत सेंद्रिय अंश सहसा कमी असतो आणि नुसती ठेवली तर पाणी सुकल्यावर तिच्यावर पापुद्रा धरतो. तेवढेच २५ ते ३० घनफूट चांगले कुजलेले, वास न येणारे शेणखत घेऊन त्या थरात मिसळा. थर भरेल, माती जिवंत होईल आणि खालची काळी जमीनही हळूहळू सुधारेल. शेणखत कुजत कुजत दरवर्षी थोडे कमी होत जाते, म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी वरून हलका हात द्यावा. तेवढ्यासाठी ब्रासचा हिशेब लागत नाही, चार-पाच पोती पुरतात.