कला आणि उपयोग यांचा सांधा : लाकडी फर्निचर

लोणार तालुक्यातील (जिल्हा बुलढाणा) सुलतानपूरचा परिसर प्रामुख्याने शेतीचा आहे. जवळच लोणारचे दैत्यसूदन मंदिर दगडातील शिल्पकामासाठी प्रसिद्ध आहे. ग्रामीण सुताराच्या कामाकडे मात्र कला म्हणून क्वचितच पाहिले जाते. नांगर, वखर, तिफण व बैलगाडी ही त्याची परंपरागत निर्मिती होय. लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टर आल्यापासून हे काम घटले. या कौशल्यास कलापूर्ण फर्निचरच्या रूपाने नवे क्षेत्र मिळू शकेल काय, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रास ही परंपरा नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडाचे कोरीव फर्निचर तयार होत असे. सावंतवाडीच्या कारागिरांनी पाट व चौरंग लाखेच्या रंगांनी सजविले. शिल्पसदृश फर्निचर याच्या एक पाऊल पुढे जाते. त्यात वस्तूचा आकार हेच शिल्प असते, आणि तो आकार लाकडाच्या धाग्यानुसार ठरतो.

हे तत्त्व आपल्या सुतारास पूर्वापार ठाऊक आहे. नांगरासाठी तो बाभळीची मुळातच वाकलेली फांदी निवडतो. सरळ फळीतून वक्र भाग कापल्यास धागे मध्येच तुटतात व तेथे तो भाग मोडतो. वाकलेल्या फांदीत धागा वळणाबरोबर जातो. म्हणून ती ताण सोसते. खुर्चीचा हात वा पाठीची कमान घडविताना हाच नियम लागू पडतो.

दुसरी गोष्ट लाकडाच्या हालचालीची. ओल कमीजास्त होताच लाकूड रुंदीत फुगते वा आकसते, लांबीत फारसे बदलत नाही. पाटाखालील आडव्या पट्ट्या फळीला वाकू देत नाहीत. परंतु त्या सर्वत्र घट्ट जखडल्यास उन्हाळ्यात फळी तडकते. म्हणूनच लाकूड पुरते वाळविणे आणि सांध्यात थोडी मोकळीक ठेवणे आवश्यक असते. शिक्षकांनी वर्गात एक जुना पाट उलटा करून दाखविल्यास हा पाठ सहज समजेल.

जपानी वंशाचे अमेरिकन कारागीर जॉर्ज नाकाशिमा 1964 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले होते. फळीची नैसर्गिक कड ते जपत. तडा गेलेल्या ठिकाणी डमरूच्या आकाराची लाकडी खुंटी बसवून ते ती फळी उपयोगात आणत. ज्या ओंडक्यास आपण सरपणाचा भाव देतो, त्याचे मोल अशा दृष्टीने वाढते.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज अशी तिची रचना असून ग्रामीण अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत करते. त्यामुळे सदस्यांवर विशेष जबाबदारी येते. सागासारख्या वृक्षांची तोड महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार नियंत्रित आहे, हेही कारागिरास समजावून दिले पाहिजे.

शाळा, ग्रामपंचायत व वाचनालय यांना बाके आणि टेबले लागतातच. त्यांतील एखादी वस्तू जरी गावच्या सुताराकडून घडवून घेतली, तरी त्याच्या मुलास वाकस हाती धरण्याचे कारण उरेल.