आधी अर्थिंग बघ

जुनी पिकअप घेतलीस, हॅम रेडिओची परीक्षाही पास झालास आणि व्हीयू-3 ने सुरू होणारं कॉलसाइन हातात आलं. आता एकाच रविवारी सेल्फचं दुखणं काढायचं आणि केबिनमध्ये रेडिओही बसवायचा, असा तुझा बेत आहे. दोन्ही कामं कर, पण याच क्रमानं. गाडीची वायरिंग धड नसताना बसवलेला रेडिओ गाडीचा प्रत्येक आजार स्पीकरवर वाजवून दाखवतो.

मामा म्हणून सांगायची गोष्ट तशी एकच आहे. बॅटरीतून निघालेल्या करंटला परत बॅटरीतच यावं लागतं. जायच्या वाटेवर सगळ्यांचं लक्ष असतं, कारण तिथं लाल वायर असते, फ्यूज असतो, स्विच असतो. परतीच्या वाटेवर मात्र चासी, पत्रा, इंजिनचा ब्लॉक आणि गंजलेले बोल्ट. तिकडे कुणी बघत नाही. जुन्या पिकअपचे विजेचे बरेचसे रोग याच वाटेवर सापडतात.

पाना नंतर, मीटर आधी

साधा डिजिटल मल्टिमीटर घे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती पूर्ण चार्ज आहे. 12.2 म्हणजे निम्म्यावर आलेली. इंजिन चालू झाल्यावर 13.8 ते 14.5 दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर आधी पट्टा बघ, मग अल्टरनेटर. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी तपासून घे. एवढं मोजेपर्यंत कुठलाही पार्ट विकत आणायचा नाही.

बॅटरी भरलेली आहे आणि तरी सेल्फ ‘कट्’ करून गप्प बसतो, तेव्हा परतीची वाट मोज. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर ठेव. थिंबलवर नाही, थेट शिशाच्या पोलवर. लाल टोक इंजिनच्या ब्लॉकवर, उघड्या लोखंडाला टेकव. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. 0.2 व्होल्टपर्यंत आलं तर वाट मोकळी आहे. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर मध्ये कुठंतरी अडथळा आहे. तो शोधायला लाल टोक एकेक पायरी मागं आण: ब्लॉक, चासी, बॉडीचा बोल्ट, थिंबल. ज्या सांध्यावर आकडा एकदम पडला, दोष त्याच सांध्यात. अशा वेळी नवा सेल्फ बसवला तरी तो जुन्यासारखाच कण्हत राहतो.

इलाज फुकटचा आहे. बोल्ट खोल, पत्र्यावरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं खरवडून धातू चकचकीत कर, थिंबलखाली दातेरी वायसर घाल आणि घट्ट आवळ. ग्रीस किंवा व्हॅसलीन आवळून झाल्यावर वरून लाव, म्हणजे पाणी आत शिरत नाही. इंजिन आणि चासी यांच्यातली विणलेली पट्टी हिरवी पडली असेल तर ती बदलूनच टाक.

मागच्या दिव्यांची गंमतही याच घरातली. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेललॅम्प लुकलुकतो. बल्ब बदलत बसू नकोस. हौद्याला अर्थ देणारा स्क्रू गंजलाय. करंटला घरची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बातून परततो.

बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलाच असला, तर पाना वेल्डिंगसारखा ठिणग्या उडवतो. हातात अंगठी किंवा कडं नको.

गाडीखाली

माल वाहणाऱ्या गाडीला खालून बघायची सवय लाव. पाटे उघडून बसवले असतील तर पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. चाक काढून लावलं तर पन्नास ते शंभर किलोमीटरवर नट पुन्हा तपासायचे. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस देताना चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मार. एकाच टोपीतून आलं तर बाकीच्या तीन कोरड्याच आहेत. डिझेल फिल्टरच्या खालच्या स्क्रूतून पाणी सोडायला पावसाळ्यात विसरू नकोस.

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. सपाट जमीन, उरलेल्या चाकांना दगड आणि चासीखाली स्टँड. स्टँड नसेल तर त्या दिवशी गाडीखाली जायचं नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आणि नव्या कॉमन-रेल इंजिनाच्या डिझेल पाइपांना इंजिन चालू असताना हात लावायचा नाही. तिथलं प्रेशर हजार बारच्या वर जातं आणि सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. ब्रेकचं हायड्रॉलिक, स्टिअरिंग आणि इंजेक्टर ही तीन कामं मेस्त्रीची. तिथं हौस दाखवू नये.

रेडिओची वायर

आता तुझ्या आवडीचं काम. 50 वॉटचा व्हीएचएफ सेट बोलताना दहा-अकरा अँपिअर ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटची वायर त्यासाठी नाही. बॅटरीपासून वेगळी जोडी ओढ. हिशेब असा: बॅटरी ते सेट चार मीटर, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर. 2.5 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत 11 अँपिअरला साधारण 0.6 ते 0.7 व्होल्ट वाटेतच जिरतो. 6 स्क्वेअर एमएम घेतली तर हेच नुकसान 0.3 व्होल्टच्या आत येतं. वायर एकदाच ओढायची असते, म्हणून जाडच घे.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत बसव. फ्यूज सेटला वाचवण्यासाठी आहे असं वाटतं, पण तो खरं तर वायरीला वाचवतो. सेटजवळ लावलास आणि वाटेत वायर घासून बॉडीला लागली, तर फ्यूजला पत्ताही लागणार नाही आणि वायर पेटेल. पत्र्यातून वायर आत घेताना भोकाला रबरी ग्रोमेट हवाच. क्लच-ब्रेकच्या पेडलांपासून आणि सायलेन्सरपासून वायर लांब बांध.

काळी वायर कुठं जोडायची? थेट निगेटिव्ह पोलवर जोडू नकोस. बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथं बोल्टनं लागते तिथं जोड. कारण असं, की उद्या बॅटरीची मोठी अर्थ केबल सैल झाली, तर सेल्फचे शेकडो अँपिअर परतीची दुसरी वाट शोधतील आणि ती तुझ्या रेडिओच्या बारीक काळ्या वायरीतून आणि अँटेनाच्या केबलमधून जाईल. बॉडीच्या बोल्टावर जोडलेल्या वायरीवर ही वेळ येत नाही.

अँटेना

145 मेगाहर्ट्झची पूर्ण लहर दोन मीटरहून किंचित मोठी. तिच्या चौथ्या भागाची काडी साधारण 49 सेंटीमीटर भरते. अँटेनाचा अर्धा भाग म्हणजे ती काडी, उरलेला अर्धा म्हणजे खालचा पत्रा. म्हणून जागा केबिनच्या टपाच्या मधोमध. हौद्यात कांद्याच्या गोण्या केबिनच्या वर रचल्या की मागच्या बाजूला आवाज थोडा कमी पोचेल, ते चालवून घे. ताडपत्रीची दोरी मात्र अँटेनाला अडकणार नाही, असं बघ. केबल दाराच्या फटीतून आणलीस तर रबराच्या मऊ भागातून आण. चेंगरलेली केबल बाहेरून चांगली दिसते आणि आतून शॉर्ट होते.

अँटेना लावल्याशिवाय माइकचं बटण दाबायचं नाही. आधी कमी पॉवरवर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप, मोज. 1.5 च्या आत असेल तर समाधान मान, 3 च्या वर असेल तर बोलू नकोस. बँडच्या खालच्या टोकाला कमी आणि वरच्या टोकाला जास्त येत असेल तर काडी लांब आहे. एका वेळी दोन-तीन मिलिमीटर काप आणि पुन्हा मोज. उलट असेल तर काडी आखूड आहे. सगळीकडेच सारखा जास्त असेल तर काडीला हात लावू नकोस, प्लगचं सोल्डरिंग आणि माउंटचा अर्थ तपास.

आवाज शोधणं

डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे पेट्रोल गाडीची ती टकटक तुला नाही. ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी आली तर रोख अल्टरनेटरकडे. इंजिन चालू ठेवून मीटर एसी रेंजवर बॅटरीला लाव. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं तर डायोड गेलेला असण्याची शक्यता मोठी. सतत खरखर असेल तर पहिला संशय मोबाईलच्या स्वस्त चार्जरवर. तो उपटून बघ. मग एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर शांतता होईल, त्याच सर्किटात चोर आहे.

बोलायचं कुणाशी

हे नीट ऐक. हॅमच्या परवान्यावर धंद्याचं बोलता येत नाही. माळशेज घाटात मोबाईलची रेंज गेली म्हणून दुसऱ्या गाडीतल्या भागीदाराला कल्याण बाजारातला टोमॅटोचा भाव 2 मीटर बँडवर विचारलास, तर तो नियमभंग आहे. शिवाय त्या भागीदाराकडे परवाना तरी कुठं आहे? दोन गाड्यांच्या कामाच्या बोलण्यासाठी विनापरवाना पट्टे आहेत: 27 मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड, कमाल 5 वॉट, किंवा 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचे छोटे हँडसेट. ते घेतानाही याच पट्ट्यात चालणारे, मंजुरी असलेले घे. स्वस्त चिनी सेट कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलतो, म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. हॅम सेट शिकण्यासाठी आणि अडीअडचणीसाठी. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात फोन बंद पडले, तेव्हा हॅम मंडळींनीच निरोप पोचवले. पॉवर परवान्यात लिहिली असेल तेवढीच ठेव. माइक हातात घेऊन घाटातली वळणं घ्यायची नाहीत. बोलायचं तर गाडी बाजूला घे. आधी ऐक, मग बोल, थोडक्यात बोल.

आणि गॅरेजला जावंच लागलं, तर मेस्त्रीला ‘सेल्फ गेलाय’ असं सांगू नकोस. तसं सांगितलं की तो सेल्फच उतरवतो आणि मजुरी तुझ्या माथी बसते. सांग, ‘बॅटरी 12.6 आहे, सेल्फ मारताना 11 वर येते, ब्लॉकपाशी पॉइंट सात व्होल्टचा ड्रॉप आहे.’ चांगला मेस्त्री लगेच अर्थची पट्टी बघायला वाकेल. जो न वाकता नव्या सेल्फची किंमत सांगेल, त्याच्याकडून गाडी तशीच परत आण.