खोक्यावरची तारीख आणि बाटलीतलं घड्याळ

औषधाच्या खोक्यावर दोन वर्षांपुढची एक्स्पायरी असली तरी बाटलीतल्या भुकटीत पाणी गेलं की ती विसरायची. तिथून दुसरं घड्याळ सुरू होतं, आणि तुमचं बिल त्यावर ठरतं.

स्तनाच्या कर्करोगात दिलं जाणारं ट्रास्टुझुमॅब घ्या. मुंबईत रे रोडहून दर तीन आठवड्यांनी परळला इंजेक्शनला जाणारी ६० किलोची बाई धरू. पहिला डोस मोठा, किलोला ८ मिलिग्रॅम. पुढचे ६ च्या हिशेबाने ३६०. याच औषधाचं बायोकॉनचं कॅनमॅब २०१४ साली आलं तेव्हा ४४० मिलिग्रॅमची व्हायल ५७,५०० रुपयांना होती, १५० ची १९,५०० ला. आजचे भाव वेगळे आहेत. बिलावरचे आकडे घालून हाच हिशेब करा.

१५० च्या तीन घेतल्या तर ५८,५०० रुपये, ९० मिलिग्रॅम उरलं. ४४० ची एक घेतली तर ८० उरलं. फरक हजाराचा दिसतो, पण खरी मेख उरलेल्यात आहे. ४४० सोबत जंतू वाढू न देणारं, बेन्झाइल अल्कोहोल घातलेलं पाणी येतं. त्यात विरघळवलेलं औषध २ ते ८ अंशांत २८ दिवस टिकतं, आणि पुढचा डोस असतो एकविसाव्या दिवशी. म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळपास साडेदहा हजारांचं औषध पुढच्या खेपेला वापरता येतं. १५० मध्ये हे पाणी नसतं, म्हणून उरलेलं टाकून द्यायचं. बेन्झाइल अल्कोहोलची ॲलर्जी असेल तर ४४० लाही साधंच पाणी घालतात आणि हा फायदा जातो.

म्हणून पैसे भरण्याआधीच फार्मसीत विचारा: कोणतं पाणी घालणार, आणि उरलेली बाटली ठेवणार कोण? इस्पितळाच्या फ्रीजमध्ये नावानिशी राहिली तर उत्तम. घरी न्यायला सांगितलं तर त्यांच्याकडून बाटलीवर तारीख-वेळ लिहून घ्या, आइस पॅकच्या डब्यातून न्या, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, फ्रीझरमध्ये तर नकोच. गोठलं की वाया गेलं. हार्बर लाइनवरून परळला गाडी बदलावी लागते, त्यामुळे त्या दिवशी टॅक्सीचे पैसे वाचवू नका.

हा हिशेब सगळ्या औषधांना लागू नाही. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या बोर्टेझोमिबच्या माहितीपत्रकात विरघळवल्यावर ८ तास लिहिलेले असतात. ते घरी आणण्यात अर्थ नाही. तिथे एकाच दिवशी दोन-तीन रुग्णांना बोलावून एक व्हायल वाटून देता येते का, हे डे-केअरच्या सिस्टरना विचारा.