खेळाडूचे उत्तरायुष्य : वरच्या प्राथमिक वर्गांसाठी एक पाठ

खेळाडूचे चरित्र सांगताना शिक्षक बहुधा पदकापाशी थांबतात. विद्यार्थ्याच्या मनात मात्र पुढचा प्रश्न उभा राहतो : त्यानंतर त्याचे काय झाले? वावरसारख्या डोंगराळ भागात, जेथे चपळ मुलामुलींची शाळा अर्ध्यावर सुटण्याचे भय असते, तेथे या प्रश्नाचे उत्तर देणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होय.

खाशाबा जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराड तालुक्यातील गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल असल्याने कुस्तीचे बाळकडू त्यांना घरीच मिळाले. पण तालमीबरोबर शाळाही सुटली नाही. कराड येथे माध्यमिक शिक्षण घेऊन ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांचा क्रमांक सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यास पैसे नव्हते. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

मिरवणूक संपली तरी आयुष्य शिल्लक होते. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले व पुढे साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. कीर्ती उशिरा आली. पण तोवर संसार चालविला तो नोकरीने.

फुटबॉलवेड्या ब्राझील देशातही हेच दिसते. गारिंचा याने १९५८ व १९६२ असे दोन विश्वचषक जिंकून दिले. परंतु व्यसन व दारिद्र्य यांनी ग्रासून १९८३ मध्ये, पन्नाशीही न गाठता तो मरण पावला. याउलट १९८२ चा कर्णधार सॉक्रेटिस याने खेळता खेळताच वैद्यकाची पदवी घेतली. पेले तर पुढे आपल्या देशाचा क्रीडामंत्री झाला.

वर्गात ही चरित्रे शेजारी शेजारी मांडून विचारावे : पाय थकल्यावर कोणाजवळ काय उरले? खाशाबांच्या यशात गुरूचा वाटा कोणता? उत्तरे मुलांनाच शोधू द्यावीत.

यावरून 'खेळ सोड, अभ्यास कर' असा बोध मात्र शिक्षकाने काढू नये. खेळाने मुलाची शाळेची गोडी वाढते, आणि शाळेने खेळाडूचे उत्तरायुष्य सावरते. धावण्यात पहिल्या येणाऱ्या मुलाचे नाव हजेरीपटावर टिकवून धरणे, हीच त्याच्या खेळाची खरी सेवा होय. प्रत्येक शिक्षकाला घर गहाण ठेवावे लागत नाही. गैरहजर मुलाच्या पाड्यापर्यंत चालत जाणे मात्र प्रत्येकाला शक्य आहे.